सांदवाडीचं पंचांग

लाखांदूरसारख्या गावात पाखरांसाठी, फुलपाखरांसाठी बाग करायचं मनात आलं, तर रोपवाटिकेत जाण्याआधी घरातलं कॅलेंडर काढून बसा. आपल्याकडे जागा आहे, माती आहे, पाऊसही आहे. एका अंगाला वैनगंगा, दुसऱ्या अंगाने येऊन तिला मिळणारी चुलबंद, मध्ये धानाच्या बांध्या, गावोगावी मालगुजारी तलाव आणि बोड्या, आणि थोडं पुढे गेलं की नवेगावबांधचं जंगल. वर्षाला सरासरी 1,300 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. आषाढ लागल्यापासून दिवाळीनंतरच्या मंडईपर्यंत इथल्या कुठल्याही पाखराला, बेडकाला, भुंग्याला खाण्यापिण्याची ददात नसते. अडचण सुरू होते ती नंतर. भारी धान निघालं की बांध्या उघड्या पडतात, होळीनंतर बोड्यांचा तळ दिसायला लागतो, आणि मार्चपासून मृगापर्यंतचे तीन महिने लहान जिवांचे हाल होतात. घरामागच्या सांदवाडीने हे तीन महिने सांभाळले, तर बाकीचं वर्ष बरंचसं आपोआप सांभाळलं जातं.

हे आधीच सांगितलं, कारण बागकामावरचा बराचसा सल्ला थंड देशांतून आपल्याकडे येतो. तिथे पाखरांना हिवाळ्यात दाणे घालायला सांगतात. बर्फ पडला की त्यांना काही मिळत नाही. आपला बर्फ म्हणजे मे महिना. नदीपलीकडचं ब्रह्मपुरी उन्हाळ्यात देशातल्या सर्वांत तप्त गावांच्या यादीत येतं, आणि लाखांदूरचं ऊन त्याहून फार वेगळं नसतं. तेव्हा सांदवाडीचं वर्ष गुढीपाडव्याला सुरू झालं असं धरा आणि पहिलं काम पाण्याचं करा.

आधी पाणी

भांडं पसरट हवं आणि मातीचं हवं. मडक्याचा फुटका तळही चालतो. खोली दोन-तीन इंचांपेक्षा जास्त नको. चिमणी, बुलबुल, दयाळ या पाखरांना त्याहून खोल पाण्यात उतरता येत नाही. मध्ये एक-दोन खडबडीत दगड ठेवा, म्हणजे मधमाश्यांना आणि गांधीलमाश्यांना बसून पाणी पिता येतं. प्लास्टिकच्या आणि स्टीलच्या भांड्यातलं पाणी दुपारी चटका बसण्याइतकं तापतं, ते टाळा.

जागा निवडताना मांजराचा विचार करा. भांडं सावलीत असावं, पण झुडपाला अगदी लागून नसावं. सहा-सात फूट मोकळी जमीन असली की पाखराला मांजर येताना दिसतं, आणि जवळच एखादी फांदी असली की ओल्या पंखांनी तिथवर उडता येतं. एक भांडं जमिनीवर आणि एक कमरेच्या वर टांगलेलं, अशी दोन ठेवली तर उत्तम. जमिनीवरच्या भांड्याशी सातभाईंचा थवा येईल, खारी येतील, रात्री बेडूक येऊन बसेल.

पाणी दर दुसऱ्या दिवशी ओतून टाका, भांडं नारळाच्या काथ्याने घासा आणि ताजं भरा. डेंग्यूचा डास साठलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो आणि अंड्यापासून डास व्हायला साधारण आठवडा लागतो. दोन दिवसांनी पाणी बदलणाऱ्या घरात ती भीती राहत नाही. ओतलेलं पाणी कढीपत्त्याच्या किंवा केळीच्या बुडाशी जाऊ द्या. न्हाणीचं सांडपाणी जिथे मुरतं, तिथे उन्हाळाभर थोडा चिखल राहील असं बघा. कुंभारमाशी घराला गारा तिथूनच नेते, आणि फुलपाखरं ओल्या मातीवर बसून क्षार शोषून घेतात. साबणाचं पाणी मात्र या जागी सोडू नका.

दाण्यांबद्दल थोडक्यात. मूठभर कणी किंवा ज्वारी टाकायला हरकत नाही, पण त्याने चिमण्या वाढतील ही आशा धरू नका. चिमणी आपल्या पिल्लांना सुरुवातीचे दिवस अळ्या आणि किडे भरवते. ज्या वाडीत अळी दिसली की फवारणी होते, तिथे कणीचा ढीग असला तरी पिल्लं उपाशी राहतात. शिळा भात आणि तिखटमीठ असलेलं अन्न तर बाहेर टाकूच नका. त्याने उंदीर आणि मोकाट कुत्री तेवढी येतात.

उन्हाळ्यात फुलणारी आणि फळणारी झाडं

फेब्रुवारीत पळस फुलतो तेव्हा त्याच्या एका झाडावर किती प्रकारची पाखरं येतात, हे ज्याने बघितलं आहे त्याला देशी झाडाची बाजू वेगळी पटवून द्यावी लागत नाही. पळसमैनांचे थवे, शिंजीर, कोतवाल, बुलबुल, सगळे त्या रसावर असतात. पळसाच्या मागोमाग काटेसावर, मग पांगारा, मग मोह. एप्रिलमध्ये कडुनिंब मोहरतो आणि पावसाच्या तोंडावर निंबोण्या पिकतात. जूनमध्ये जांभूळ. आणि या सगळ्यांच्या मधल्या खिंडी भरून काढतो तो उंबर, कारण त्याला वर्षातून अनेकदा फळ धरतं आणि भर उन्हाळ्यातही धरतं. हरियाल, तांबट, कोकीळ, बुलबुल, खारी, रात्री वटवाघळं अशी त्याची पंगत दिवसरात्र चालते. वाडीत एकच मोठं झाड लावण्याइतकी जागा असेल, तर उंबर लावा. विहिरीपासून आणि घराच्या भिंतीपासून तीस-चाळीस फूट दूर लावा, एवढीच अट.

पळस, मोह आणि सावर ही बांधावरची, धुऱ्यावरची झाडं. ती तुमच्या धुऱ्यावर आधीच उभी असतील, तर नवीन रोप लावण्यापेक्षा जुनं झाड राखणं हेच मोठं काम. मोहाचं झाड पिढ्यान् पिढ्या फुलं देतं. त्याची फुलं रात्री उमलतात, वटवाघळं त्यांच्यासाठी येतात आणि येता-जाता परागीभवन करून जातात. पहाटे आपण जी फुलं वेचतो, त्यांच्या पुढच्या टोरीत या वटवाघळांचा वाटा असतो.

इथे एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. मोहफुलं वेचायला सोपी जावीत म्हणून झाडाखालचा पाला पेटवण्याची रीत आपल्याकडे आहे. तो वणवा कुठवर जाईल हे आपल्या हातात राहत नाही. मार्च-एप्रिल हाच जमिनीवर अंडी घालणाऱ्या तित्तिर-टिटव्यांचा काळ. पाल्याखाली भेक, सापसुरळ्या, गोगलगायी मृगाची वाट बघत दडून असतात. पाला खराट्याने ओढून बाजूला करा किंवा झाडाखाली जुनी साडी, नेट अंथरा. फुलंही स्वच्छ मिळतात आणि भावही बरा मिळतो.

ओढलेला पाला वाडीच्या एका कोपऱ्यात दोन फूट उंचीपर्यंत रचून ठेवा. सातभाई त्यात दिवसभर पानं उलटत बसतात. बुडाची पानं ओली राहतात, तिथे गांडुळं येतात, पैसा येतो, भेक येऊन राहतो. एखादं जुनं लाकूड, सडलेला ओंडका असेल तर तोही तिथेच टाका. काळा मोठा भुंगा वाळक्या लाकडात गोल भोक पाडून त्यात घर करतो, आणि आपल्या भोपळ्याच्या, शेवग्याच्या फुलांवर हाच कामाला येतो. उधई लागेल या भीतीने सगळंच लाकूड जाळून टाकू नका. घराच्या लाकडी खांबापासून ते लांब ठेवलं की पुरे.

मृगाच्या आधी आणि मृगानंतर

खड्डे मे महिन्यात खणून ठेवा, दोन फूट लांब, दोन फूट रुंद, दोन फूट खोल. महिनाभर ऊन खाऊ द्या. चांगला पाऊस होऊन जमीन आतपर्यंत भिजली की रोपं लावा. तालुक्याच्या सामाजिक वनीकरणाच्या किंवा वनविभागाच्या रोपवाटिकेत चौकशी करा. उंबर, जांभूळ, करंज, बेल, बेहडा, कडुनिंब, सीताफळ यांतलं काही ना काही मिळतं.

कुंपणाकडे बहुतेकांचं लक्ष नसतं. सिमेंटचे खांब आणि काटेरी तार यांत एकही घरटं होत नाही. मेंदी, अडुळसा, निरगुडी दाट लावली तर दोन पावसाळ्यांत चार-पाच फुटांची हिरवी भिंत उभी राहते. बुलबुलाचं घरटं अशा झुडपात छातीच्या उंचीवर असतं. हातभर लांबून जाऊनही दिसत नाही, एवढं ते झाकलेलं असतं. तार आधीच असेल तर ती काढू नका. तिच्यावर वाल, दोडका, कारलं, गुळवेल चढू द्या.

कुंपणाला बेशरम मात्र लावू नका, आणि लावलेली असेल तर काढा. काडी टोचली की रुजते, शेळी तोंड लावत नाही, म्हणून ती सोयीची वाटते. पण तुटलेली काडी पावसाच्या पाण्यासोबत वाहत बोडीत पोचते आणि दोन-तीन वर्षांत काठच्या काठ व्यापून टाकते. मग तिथे ना कमळ राहतं, ना पाणकोंबडीला जागा. घाणेरीचंही तसंच. रंगीत फुलांवर फुलपाखरं दिसतात खरी, पण फळं खाऊन पाखरं तिचं बी जंगलात नेतात आणि तिथे गवत संपतं. फुलपाखरांसाठी घाणेरीपेक्षा तुळस, सब्जा, झेंडू, तेरडा आणि शेवगा कितीतरी बरे. झेंडू घेताना गच्च पाकळ्यांचा मोठा संकरित घेऊ नका. एकेरी पाकळ्यांच्या साध्या गावठी झेंडूच्या मधावर कीटकांना सहज पोचता येतं.

फुलपाखराला मध देणारं फूल लागतं तसंच त्याच्या अळीला ठराविक झाडाचं पान लागतं, आणि ही दुसरी गरज बागेत फार क्वचित पुरी होते. कढीपत्ता, लिंबू आणि बेल या एकाच कुळातल्या झाडांवर कॉमन मॉरमॉन आणि लाइम या फुलपाखरांच्या अळ्या वाढतात. राज्य फुलपाखराचा मान 2015 साली मिळालेलं ब्ल्यू मॉरमॉनही याच कुळातल्या झाडांवर अंडी घालतं. श्रावणात कढीपत्त्याची कोवळी पानं उलटून बघा. मोहरीच्या दाण्याहून लहान, फिकट पिवळं, गोल अंडं दिसेल. त्यातून निघालेली अळी काळपट-पांढरी, ओलसर असते. पाखराची शीट पडली आहे असंच वाटतं आणि त्यामुळे पाखरं तिला सोडून देतात. चार वेळा कात टाकली की ती एकदम हिरवी होते. तेव्हा तिला काडीने हलकेच स्पर्श केला तर डोक्यामागून नारंगी-तांबडी दुपाखी शिंगं बाहेर येतात आणि उग्र वास सुटतो. त्यानंतर ती फांदीला रेशमाचा पट्टा बांधून कोशात जाते, आणि दहा-बारा दिवसांनी सकाळच्या वेळी फुलपाखरू बाहेर येतं. हा सगळा प्रकार तीन-चार आठवड्यांत होतो, आणि त्याची किंमत म्हणजे कढीपत्त्याच्या एक-दोन फांद्या. झाडाला पंधरा दिवसांत नवी पालवी फुटते. म्हणून घरात एकच कढीपत्ता असेल तर दुसरा लावा. एक फोडणीला, एक अळ्यांना.

रस्त्याकडेची रुई उपटण्याआधी तिच्या पानामागे बघा. काळ्या-पिवळ्या-पांढऱ्या पट्ट्यांची अळी असेल तर ती प्लेन टायगरची. पावसात वाडीत आपोआप उगवणाऱ्या तरोट्यावर पिवळी लहान फुलपाखरं वाढतात. तरोटा कोवळा असताना भाजीला खुडाच, पण कुंपणाकडेची दहा-वीस झाडं राहू द्या.

वालाच्या मांडवावर मावा पडला, वांग्यावर अळी आली, तर काय करायचं हा प्रश्न येणारच. आधी आठवडाभर थांबा. माव्यामागे लेडीबर्ड बीटल येतात. त्यांच्या अळ्या काळ्या, काटेरी, विचित्र दिसतात आणि त्यांनाच रोग समजून मारलं जातं. वाफ्याच्या कडेला कोथिंबीर, बडीशेप, मोहरी फुलावर जाऊ द्या. त्यांच्या बारीक फुलांवर कीड खाणाऱ्या लहान माश्या आणि गांधीलमाश्या पोसल्या जातात. तरीही आवरलं नाही, तर निंबोळी अर्क फक्त रोग असलेल्या झाडावर, तोही संध्याकाळी, मधमाश्या घरी गेल्यावर मारा. दोडका आणि पडवळ यांची फुलं संध्याकाळी उमलतात आणि त्यांच्यावर पतंग येतात, तेव्हा त्या वेलींवर फुलोऱ्यात काहीच मारू नका. ओसरीवरचा पांढरा झगझगीत दिवा रात्रभर जळत ठेवला तर हे पतंग फुलांऐवजी दिव्यावर मरतात. मंद पिवळा दिवा लावा, आणि नको असेल तेव्हा बंद करा.

पहिल्या जोरदार पावसात पिवळेधमक होऊन साचलेल्या पाण्यात ओरडणारे बेडूक म्हणजे आपल्या धानाचे राखणदार. बेडकांच्या तंगड्यांची निर्यात भारताने 1987 साली बंद केली, त्यामागे हेही कारण होतं की बेडूक घटले आणि शेतातली कीड वाढली. वाडीत जागा असेल तर उताराच्या टोकाला सहा फूट लांब-रुंद आणि मध्ये दीड-दोन फूट खोल असा खड्डा खणा. एक बाजू उतरती ठेवा, म्हणजे बेडकाच्या पिल्लांना चढून बाहेर येता येतं आणि एखादं कोंबडीचं पिल्लू पडलं तर तेही वाचतं. प्लास्टिक अंथरायची गरज नाही. आपली चिखलट माती पाणी धरते. डासांची भीती वाटली तर बोडीतले छोटे देशी मासे आणून सोडा. चतुर आणि टाचण्या आपण होऊन येतील, त्यांच्या अळ्या पाण्यातल्या डासांच्या अळ्या खातात. घरात रांगतं मूल असेल तर मात्र हा खड्डा करू नका, किंवा त्याला पक्कं कुंपण घाला.

घरट्यांचं सांगायचं राहिलं. कवेलूच्या घरांत चिमणीला जागा शोधावी लागत नव्हती. स्लॅबच्या घरात ती नाही. लाकडी पेटी करायची असेल तर आतून साधारण सहा इंच लांब-रुंद, आठ-दहा इंच उंच करा, आणि चिमणीसाठी दार सव्वा इंचाचं ठेवा. मोठं केलं की साळुंकी येऊन बसते. दारासमोर बसायला दांडी लावू नका, ती शिकऱ्याला आणि मांजराला उपयोगी पडते. पेटी दहा फुटांवर, पश्चिमेचं ऊन लागणार नाही अशी, छताच्या वळचणीला लावा. हे काम जानेवारीत उरकलं पाहिजे. कुंपणाची आणि झाडांची छाटणीही नोव्हेंबर ते जानेवारी याच काळात करा, कारण फेब्रुवारीपासून सप्टेंबरपर्यंत कुठल्या ना कुठल्या पाखराचं घरटं त्यात असतंच. घरटं जागेवरून हलवू नका, आणि खाली पडलेलं पिल्लू पिंजऱ्यात वाढवू नका. पोपटासह कुठलंही रानपाखरू पाळणं वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे.

धान कापल्यावर

हलकं धान दिवाळीच्या सुमारास निघतं, भारी त्यानंतर. या दिवसांत वाडीपेक्षा धुरा महत्त्वाचा. आपल्याकडे धुऱ्यावर तूर लावायची चांगली पद्धत आहे. तिच्या जोडीला अंबाडी, थोडा झेंडू असू द्या. धान कापून झालं की आसपासचं सगळं फुलणं संपतं, तेव्हा तुरीची पिवळी फुलं मधमाश्यांना सांभाळतात. त्यानंतर ओलीवर टाकलेली लाखोळी, जवस, मोहरी फुलतात. जवसाच्या निळ्या फुलांवर सकाळच्या उन्हात किती माश्या असतात ते एकदा बघून या. इटियाडोहच्या पाण्यावर जिथे उन्हाळी धान घेतात, तिथे एका पाठोपाठ दुसऱ्या धानामुळे ही फुलं गायब होतात आणि फवारणीही वाढते. अशा शेतकऱ्यांनी निदान सांदवाडीत जवस-मोहरीचा एक वाफा ठेवावा, ही विनंती आहे.

बांधीत आणि तणसाच्या ढिगात उंदीर वाढतात, तेव्हा त्यांच्या बिळांत विष टाकलं जातं. विष खाल्लेला उंदीर लगेच मरत नाही. तो सुस्त होऊन बाहेर फिरतो आणि गव्हाणी घुबड, धामण किंवा मुंगूस त्याला सहज पकडतं. म्हणजे उंदरांसोबत उंदीर खाणारेही जातात, आणि पुढच्या हंगामात उंदीर पुन्हा दुपटीने. सापळे लावा, आणि बांधीत पाच-सहा फुटांचे आडव्या काडीचे बांबू रोवून ठेवा. दिवसा कोतवाल आणि नीलपंख, रात्री घुबडं त्यावर बसून शिकार करतात. घुबडाबद्दल गावात जी भीती आहे ती मुलांच्या मनात तरी जाऊ देऊ नका. त्याच्या ओकाऱ्यांच्या गोळ्या एकदा मुलांसमोर फोडून दाखवा. आत उंदरांच्या कवट्या आणि हाडं निघतात.

हिवाळ्यात वाडी फार झाडू नका. वाळलेले दांडे, बियांनी भरलेली तुळस, कांद्याचे डेंगळे संक्रांतीपर्यंत उभे राहू द्या. मुनियांचे थवे त्यांवर उतरतात. या दिवसांत हिमालयाकडून आणि त्याही पलीकडून पाहुणे येतात. न्हाणीजवळच्या ओलीवर शेपटी हलवत धोबी फिरतो, कुंपणात थिरथिरा दिसतो, आंब्याच्या सावलीत लहानसा माशीमार टकटक आवाज करतो. ते किड्यांवर जगतात, तेव्हा त्यांच्यासाठी खास करायचं ते एवढंच की पाल्याचा ढीग पेटवू नका.

पाखरांची ओळख करून घ्यायची असेल तर मारुती चितमपल्ली वाचा. वनाधिकारी म्हणून ते नवेगावबांधला होते, इथल्या माणसांकडून त्यांनी पाखरांची नावं आणि सवयी ऐकून लिहून घेतल्या. जून 2025 मध्ये ते गेले. तुमच्या गावातल्या ढिवर, गोंड आणि कोहळी म्हाताऱ्या माणसांकडे अजूनही अशी नावं आहेत. वही घेऊन त्यांच्याजवळ बसायला उशीर करू नका.

कोणाला बोलवायचं नाही

आपला तालुका वाघाच्या वाटेवरचा आहे, आणि हे विसरून बागेबद्दल लिहिणं बरोबर होणार नाही. सीटी-1 नावाने ओळखला गेलेला वाघ ऑक्टोबर 2022 मध्ये वडशाच्या जंगलात पकडला गेला, त्याआधी वडसा, ब्रह्मपुरी आणि भंडारा या भागांत मिळून 13 माणसं त्याच्या हल्ल्यात गेली होती. त्या घरांना जंगलाच्या गोडव्याचं कौतुक सांगायला कोणी जाऊ नये.

म्हणून जंगलाला लागून असलेल्या गावांत ही पथ्यं पाळा. घर, गोठा आणि संडास यांच्या भोवती पंचवीस-तीस फूट जागा मोकळी ठेवा. दाट झुडपं आणि पाल्याचा ढीग त्याच्या पलीकडे. हिरवं कुंपण चार फुटांहून उंच जाऊ देऊ नका, म्हणजे आरपार दिसतं. शेळ्या-कोंबड्या रात्री बंद गोठ्यात, वरूनही झाकलेल्या. उष्टं अन्न उघड्यावर नको. त्यावर कुत्री आणि रानडुकरं येतात आणि त्यांच्यामागे बिबट येतो. मोहाच्या दिवसांत पहाटे अंधारात एकट्याने झाडाखाली जाऊ नका, अस्वलालाही मोहफुलं आवडतात. रानडुकरं सुरण-रताळ्यासाठी वाडीत घुसत असतील तर ती पिकं तिथे लावू नका. विजेचा प्रवाह सोडलेली तार तर कधीच नाही. तिने डुकराआधी माणूस मरतो.

सापांचंही स्पष्ट बोललं पाहिजे. उंदीर आणि बेडूक असलेल्या वाडीत साप येणार. बहुतेक वेळा तो धामण किंवा दिवड असेल, पण नाग, मण्यार आणि घोणसही आपल्याकडे आहेत. पाल्याच्या ढिगात उघडा हात घालू नका, काठीने हलवूनच पाला उचला. रात्री वाडीत जाताना टॉर्च आणि बूट. पावसाळ्यात जमिनीवर झोपू नका आणि मच्छरदाणी गादीखाली खोचा, कारण मण्यार रात्री घरात शिरते. 2020 च्या ऑगस्टमध्ये वैनगंगेला पूर आला होता. नदीकाठच्या गावांनी लक्षात ठेवावं की पुरासोबत साप कोरड्या जागी, म्हणजे घरात येतात. दंश झाला तर मांत्रिकाकडे एक मिनिटही घालवू नका. 108 ला फोन करा किंवा मिळेल त्या गाडीने सरकारी दवाखान्यात न्या. सापाच्या विषावरचं औषध तिथे आहे. साप घरात दिसला, किंवा कुठलाही जंगली प्राणी जखमी वा अडकलेला आढळला, तर वनविभागाचा 1926 हा मोफत क्रमांक आहे.

वाडीच्या पलीकडची बोडी

एका वाडीत जे राहतं ते फार दूर जात नाही. त्याला पुढची जागा लागते, आणि आपल्याकडे ती जागा म्हणजे बोडी आणि तलाव. अर्जुनी मोरगाव भागात भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाने ढिवर समाजाच्या स्त्री-पुरुषांसोबत मालगुजारी तलावांतली बेशरम मुळासकट काढली, तळ नांगरला आणि देशी पाणवनस्पती परत लावल्या. त्यामुळे मासे परत येतात आणि माशांमागे पाखरंही. हेच काम तुमच्या गावात लहान प्रमाणावर करता येतं. एप्रिल-मेमध्ये पाणी ओसरलं की बेशरमीची मुळं खणून काढा, काड्या पाळीवर न टाकता उन्हात पूर्ण वाळवा. पाळीवरच्या सिंदी आणि बाभळी तोडू नयेत असा ठराव ग्रामसभेत मांडा, कारण सुगरणी पावसाळ्यात पाण्यावर झुकलेल्या त्याच फांद्यांना घरटी टांगतात, आणि विणायला धानाच्या आणि सिंदीच्या पानांच्या बारीक पट्ट्या काढून नेतात. ज्या मच्छीमार संस्थेकडे तलाव लीजवर आहे, तिच्याशी आधी बोला. त्यांच्या माशांना फायदा आहे हे त्यांना तुमच्याहून जास्त कळतं. दुसऱ्या तलावातून कमळाचे, पोयण्याचे कंद आणायचे असतील तर पहिला पाऊस होऊन पाणी गुडघाभर चढल्यावर आणा, आणि जलकुंभीचा एकही तुकडा त्यांच्यासोबत येत नाही ना, हे टोपली पाण्यात बुडवण्याआधी तपासा.